चित्रकार निवडताना मी काय बघते

कोल्हापूरच्या एका तरुण चित्रकर्तीने प्रश्न पाठवला आहे. जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका करून तिला पाच वर्षं झाली. प्रकाशकांना ती पोर्टफोलिओ पाठवते, पण बहुतेकांकडून उत्तर येत नाही. आणि जे काम मिळतं त्यात दुरुस्त्या संपता संपत नाहीत. "आर्ट डायरेक्टर चित्रकार नेमका कशावरून निवडतात, आणि निवडल्यावर दोघांनी काम कसं करायचं असतं?" असं तिने विचारलं आहे. सोबत स्वतःची तीन चित्रंही जोडली आहेत. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते.

मी २६ वर्षं आर्ट डायरेक्टरचं काम करते आहे, म्हणजे मजकुराला चित्रकार शोधायचा आणि त्याच्याबरोबर चित्रं छापण्यापर्यंत न्यायची. पहिली सात मुंबईत जाहिरातीत गेली, पुढची पुण्यात मुलांची पुस्तकं, मुखपृष्ठं आणि दिवाळी अंक करण्यात. जाहिरातीतले किंवा सिनेमातले लोक कदाचित वेगळं सांगतील. पुस्तकाच्या टेबलावरून जे दिसतं ते मी सांगते.

केवळ चित्रं सुंदर आहेत म्हणून चित्रकार निवडला, असं माझ्याकडून फार कमी वेळा झालं आहे. चांगल्या हाताची मुलं-मुली पुष्कळ आहेत; मुंबईच्या जे. जे.तून, पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून, तुमच्या कोल्हापूर-सांगलीकडून दर वर्षी नवी येतात. मी शोधत असते वाचणारा माणूस. मजकूर हातात पडल्यावर त्याला त्यात काय दिसतं, लेखकाने न लिहिलेलं काय दिसतं, यावर माझा निर्णय होतो.

एकदा १६ पानांचं चित्रपुस्तक करत होतो. गावातली मुलगी शिकायला तालुक्याला निघते आणि आजी तिला एसटी स्टँडवर सोडायला येते, एवढीच गोष्ट. शेवटून दुसऱ्या पानावर मजकूर होता: 'एसटी सुटली. आजी बराच वेळ हात हलवत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.' हे पान मी तीन चित्रकारांना पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, यातलं काय काढाल? दोघांनी सांगितलं की खिडकीत मुलगी, खाली आजी, डोळ्याला पदर. त्यात चूक काहीच नव्हतं. तिसरीने मलाच उलट विचारलं, "ताई, येताना आजीच्या हातात पिशवी होती ना?" मजकुरात पिशवी कुठेच नव्हती. ती म्हणाली, "असणारच. आजी रिकाम्या हाताने स्टँडवर येईल का? भाकरी, चटणी, शेंगदाण्याचे लाडू, काहीतरी असणार. ते सगळं पोरीबरोबर गेलं. मग एसटी गेल्यावर तिच्या हातात रिकामी पिशवी राहिली. मी ती पिशवी काढीन."

काम तिला दिलं. तिच्या रफमध्ये, म्हणजे कच्च्या रेखाटनात, आजी पाठमोरी होती, एसटी चौकटीबाहेर गेलेली, मागे थोडी धूळ, आणि पिशवीची चौपदरी घडी आजीच्या काखेत. आधीच्या तीन पानांवर तीच पिशवी मुलीच्या डोक्यापेक्षा मोठी, फुगलेली. लेखकाने रफ बघितलं आणि आपणहून 'तिच्या डोळ्यांत पाणी आलं' हे वाक्य खोडलं. त्या पानावर माझ्यासाठी एवढंच काम उरलं की मजकूर वर सरकवायचा आणि आजीच्या पायाखालची मोकळी जमीन वाढवायची.

निवड म्हणजे माझ्या लेखी हे असं वाचन शोधणं. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. हास्यचित्रकार शि. द. फडणिसांनी बालभारतीच्या प्राथमिक इयत्तांच्या गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं केली. गणित वाचून त्यातला विनोद आणि त्यातली कल्पना शब्दांशिवाय दाखवायची, हे हाताआधी डोक्याचं काम आहे. दुसरे हास्यचित्रकार वसंत सरवटे व्यवसायाने इंजिनिअर होते, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करायचे. पु. ल. देशपांड्यांच्या लेखनाबरोबरची त्यांची रेखाटनं नीट बघा. मजकुरातला विनोद ती पुन्हा सांगत बसत नाहीत, त्याच्या शेजारी स्वतःची एक गोष्ट मांडतात.

आणि 'उत्तम चित्रकार' ही गोष्ट मजकुरापासून तोडून ठरवता येत नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर दोघेही मूळचे गोव्याचे, साधारण एकाच काळातले, दोघेही घराघरांत पोहोचलेले. मुळगावकरांची एअरब्रशने केलेली तुकतुकीत देवादिकांची चित्रं एका प्रकारच्या मजकुराला हवीत, दलालांच्या कथाचित्रांतली बोलकी रेषा दुसऱ्या. दलालांनी तर १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. तिथे चित्रकार आणि कलासंपादक एकच माणूस होता. मराठी पुस्तकांत आर्ट डायरेक्टर हे पद असं कमीच. बहुतेक ठिकाणी संपादक, प्रकाशक आणि मांडणी करणारा ऑपरेटर मिळून ते काम उरकतात. तुमच्या मेलना उत्तरं न येण्याचं हेही एक कारण आहे. मेल वाचणाऱ्याच्या डोक्यावर प्रुफं, कागदाचा भाव आणि छापखान्याचा फोन असतो. चित्रकारांच्या मेल बघणं हे कोणा एकाचं ठरलेलं काम नसतं.

माझ्याकडे चित्रकारांची एक जुनी वही आणि संगणकावर फोल्डर आहेत. त्यांची वर्गवारी मी शैलीवरून केलेली नाही. जलरंग, डिजिटल, कोलाज असे कप्पे सुरुवातीला केले होते, पण ते उपयोगी पडले नाहीत. आता कप्पे आहेत ते तो चित्रकार काय बघतो यावरून. काहींना माणसं दिसतात. त्यांच्या चित्रात रांगेतला शेवटचा माणूससुद्धा कोणीतरी असतो. काहींना जागा दिसते, म्हणजे वाडा, जिना, गॅलरी, त्यात उजेड कुठून येतो ते. काहींना वस्तू. एक जण आहे, त्याला हवा दिसते. जूनच्या पहिल्या आठवड्यातलं आभाळ तो असं काढतो की छत्री शोधावीशी वाटते. कथा आली की मी आधी ठरवते, हिला माणसं बघणारा हवा की हवा बघणारा. त्या कप्प्यात मग दोन-तीन नावं निघतात, आणि त्यांतलं कोण मोकळं आहे हे शेवटी ठरवतं. दिवाळी अंकाच्या दिवसांत तर मोकळं असणं हीच मोठी पात्रता. कथा ऑगस्टमध्ये येतात, चित्रं सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लागतात, आणि मध्ये गणपती. कोकणातले माझे दोन चित्रकार त्या दहा दिवसांत गावी असतात, त्यांना मी त्या काळात कामच देत नाही. सणात काम लादलेली चित्रं कशी येतात ते मी बघितलं आहे.

आता पोर्टफोलिओ. बारा ते पंधरा चित्रं पुरेत. चाळीस पाठवली की मी सगळ्यात कच्च्या चित्रावरून तुम्हाला जोखते, कारण छापताना तेच नशिबी येईल ही भीती असते. एकच पीडीएफ, मोबाइलवर पटकन उघडेल एवढी. प्रत्येक पानाच्या तळाशी नाव आणि फोन नंबर, कारण पानं सुटी होऊन फिरतात; मी एखादं पान संपादकाला पाठवते, तो लेखकाला, आणि महिन्याने कोणालाच नाव आठवत नाही. देखणी सुटी चित्रं सगळेच पाठवतात. मी चार गोष्टी शोधते आणि त्या क्वचित मिळतात. एकच पात्र चार पानांवर चार कोनांतून, तेच वाटेल असं. हात, विशेषतः काहीतरी करणारे हात. गाठ मारणारे, शेंगा सोलणारे, नाणी मोजणारे. घोळका. आणि एका रंगातलं रेखाचित्र, कारण मराठीत आतल्या पानांची चित्रं अजूनही बहुतेक काळ्या शाईतच छापली जातात आणि रंग काढून घेतल्यावर पुष्कळ डिजिटल चित्रं कोसळतात. प्रसिद्ध व्यक्तींची पोर्ट्रेट आणि परदेशी सिनेमातली पात्रं काढून टाका. त्यांतून तुमचा हात कळतो, वाचन कळत नाही.

एखादी जुनी लोककथा किंवा स्वतःच्या घरातला प्रसंग घ्या, त्याची सहा पानं मांडा, मजकुराची जागा सोडून. माझ्या दृष्टीने पंधरा सुट्या चित्रांपेक्षा या सहा पानांचं वजन जास्त आहे. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाठवू नका, कोणी उघडणार नाही. दिवाळी होऊन लोक श्वास घेतात तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत पाठवा. 'किशोर'सारखं मासिक १९७१ पासून मुलांसाठी निघतं आहे. अशा ठिकाणी दोन-चार कथा केल्या की संपादकाच्या हातात तुमचं छापील काम जातं, आणि छापील कामाचा विश्वास वेगळा असतो.

मी मजकुराचा तुकडा देऊन चाचणी घेते, पण नुसतं 'काय काढाल' हे तोंडी विचारणं असेल तरच फुकट. कागदावर काही काढून मागितलं तर त्याचे पैसे देते, काम मिळो न मिळो. फुकट नमुना मागणाऱ्यांना तुम्ही नम्रपणे नाही म्हणा. पाच जणांकडून फुकट मुखपृष्ठं मागवून एक निवडणं ही या व्यवसायातली वाईट सवय आहे, आणि ती चित्रकारांनी नकार दिल्याशिवाय जाणार नाही.

निवड झाली की ब्रीफ, म्हणजे काय काढायचं आणि कसं याची चित्रकाराला दिलेली माहिती. इथे मी केलेली एक चूक सांगते, कारण दुरुस्त्यांची मुळं बहुतेक वेळा इथेच असतात. नांदेडकडच्या एका लेखकाची मुलांसाठीची कादंबरी होती. चित्रकार रत्नागिरीचा, माणसं फार चांगली काढायचा. मी त्याला कथा पाठवली, आकार सांगितला, तारीख सांगितली आणि निर्धास्त झाले. अकरा चित्रं शाई करून आली, आणि प्रत्येक चित्रात उतरत्या छपराची कौलारू घरं, मागे माड नव्हते एवढंच. कादंबरीतला मुलगा रात्री माळवदावर झोपतो. मातीचं सपाट छप्पर, त्यावर चढायला शिडी, कडेला वाळत घातलेल्या तुरी. गोष्टीतला अर्धा भाग तिथे घडतो. चित्रकाराने 'माळवद' हा शब्द माळा असा वाचला होता. त्याच्या गावी तो शब्दच नाही. लेखकाने चित्रं बघून फोनवर फक्त एवढं विचारलं, "ताई, हे कुणाचं गाव आहे?" प्रकाशकाने दुरुस्तीचे जादा पैसे द्यायला नकार दिला, म्हणाला चूक चित्रकाराची. ती चित्रकाराची नव्हती, माझी होती. पैसे मी माझ्या मानधनातून दिले. तेव्हापासून लेखक ज्या भागातला असेल तिथले २०-२५ फोटो मी स्वतः गोळा करून पाठवते. घर, चूल, शाळेची खोली, बायकांची साडी नेसण्याची पद्धत, पुरुषांची टोपी की फेटा, शेतात काय उभं असतं. भाताच्या खाचरात ज्वारीची कणसं येणार नाहीत एवढी काळजी कोणीतरी घ्यायलाच हवी, आणि तो कोणीतरी म्हणजे आर्ट डायरेक्टर.

ब्रीफ एका पानाचं असावं, आणि लेखी. पुस्तकाचा आकार, पानं, कुठली चित्रं पूर्ण पान आणि कुठली कोपऱ्यात, रंग किती, कागद कोणता, शीर्षक कुठे येणार, रफची तारीख, पक्क्या चित्रांची तारीख, मानधन आणि ते कधी. याखाली मी एक वाक्य लिहिते की हे पुस्तक मिटताना मुलाला काय वाटत असावं. आणि आणखी एक गोष्ट: काय काढायचं नाही. चोर कोण हे २१ व्या पानावर कळणार असेल, तर १९ व्या पानावरच्या चित्रात त्याची चप्पल दिसता कामा नये. 'अमक्या चित्रकाराच्या शैलीत' हे शब्द मी ब्रीफमध्ये कधी लिहीत नाही. तसं हवं असेल तर त्या माणसालाच काम द्यावं. हल्ली लेखक यंत्राकडून बनवून घेतलेलं चित्र घेऊन येतात, 'साधारण असं हवं' म्हणून. ते मी चित्रकारापर्यंत पोहोचू देत नाही. एकदा डोळ्यांपुढे पक्कं चित्र आलं की स्वतःचं वाचन बंद पडतं. लेखकाला मी म्हणते, यातलं तुम्हाला काय आवडलं ते शब्दांत सांगा. आणि ते शब्द पोहोचवते.

भांडायचं ते पेन्सिलीत. काड्यापेटीएवढ्या चौकटी आखून सगळ्या पुस्तकाची थंबनेल एका कागदावर मागवते. अजून चेहरे नाहीत, नुसतं कोण कुठे उभं आहे, मजकूर कुठे, नजर पान उलटायला कशी जाते. हा कागद आला की मी, संपादक आणि लेखक एकदाच एकत्र बसतो, चित्रकारही असतो, निदान व्हिडिओ कॉलवर. लेखक आणि चित्रकाराला एकमेकांपासून दूर ठेवावं असं मानणारे आर्ट डायरेक्टर आहेत, आणि लेखक हट्टी असेल तर त्यांचं बरोबरही असतं. पण आपल्याकडे दोघं एकमेकांना कुठल्यातरी कार्यक्रमात भेटणारच आहेत, मग माझ्या पाठीमागे बोलण्यापेक्षा समोर बोललेलं चांगलं. या बैठकीनंतर मात्र चित्रकाराशी एकच माणूस बोलतो. सगळ्यांची मतं माझ्याकडे येतात, एकमेकांशी भांडणारी मतं मी इथेच मिटवते, आणि एक मेल जाते. तुमच्या दुरुस्त्या संपत नाहीत त्याचं कारण बहुधा हे असणार की तुम्हाला तीन जण फोन करतात. पुढच्या कामाला सुरुवातीलाच विचारा, शेवटचा शब्द कोणाचा? ते नाव मिळाल्याशिवाय पेन्सिल उचलू नका. पेन्सिलीत दोन फेऱ्या आणि रंगात एक, एवढं मी ब्रीफमध्येच लिहून टाकते. त्यापुढची प्रत्येक फेरी पैसे घेऊन.

दुरुस्ती कशी सांगायची हे शिकायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली. जाहिरातीत असताना मी सर्रास सांगायचे, शर्ट लाल करा, डोळे मोठे करा. चित्रकार ते करायचा आणि चित्र आणखी बिघडायचं. कारण मी उपाय सांगत होते, अडचण सांगतच नव्हते. आता मी म्हणते, बाई आणि भिंत एकाच टोनमध्ये गेल्यात, बाई दिसत नाही. ती कशी पुढे आणायची हे चित्रकार ठरवतो, आणि दहात नऊ वेळा माझ्या डोक्यातल्या उपायापेक्षा चांगलं करतो. एकाने भिंतीवर उन्हाचा एक कवडसा टाकला. बाईला हातही लावला नाही. प्रकाशक म्हणतो, 'जरा फ्रेश करा'. हे वाक्य मी पुढे ढकललं तर माझा तिथे उपयोग काय? मी त्याला विचारत राहते. फ्रेश म्हणजे उजळ? की गर्दी कमी? की हे दुसऱ्या कुठल्या पुस्तकासारखं दिसतंय अशी भीती आहे? दोन-तीन प्रश्नांनंतर खरं कारण बाहेर येतं, आणि बऱ्याचदा ते चित्रात नसतंच, शीर्षकाच्या अक्षरात असतं.

मुखपृष्ठाला एक वेगळी परीक्षा आहे. पुण्याच्या आप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात ते हातभर अंतरावरून दिसायचं, आता बहुतेक लोक ते मोबाइलवर नखाएवढं बघतात. मी रफ आलं की ते काळं-पांढरं करते, तेवढं लहान करते आणि डोळे किलकिले करून बघते. आकार कळला तर पुढे जायचं. अक्षरांची जागा चित्रकाराने पहिल्या रेषेपासून धरायला हवी. आपल्याकडे कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार होऊन गेले, ज्यांनी काढलेलं नाटकाचं नुसतं नाव बघून नाटकाची जात कळायची. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. अक्षर दोन्हीकडे वाढतं. इंग्रजी शीर्षकापुरती पट्टी सोडलेल्या चित्रात मराठी शीर्षक कोंबलं की रफार कोणाच्या तरी कपाळात घुसतो.

छापखान्याचं थोडं सांगते, कारण पक्कं चित्र म्हणजे छापलेलं चित्र. पडद्यावरचा गडद निळा कागदावर जांभळट होतो. सुरुवातीपासून छपाईच्या चार रंगांत (निळा, किरमिजी, पिवळा, काळा) काम करा किंवा निदान रोज एकदा बदलून बघा. ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला तेवढे ठिपके, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारी जादा कड, आणि दोन पानांच्या मध्ये शिवणीत कोणाचा चेहरा नको. काळी रेषा फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंगांत काळी रेषा केली आणि छपाईत केसभर सरकली की सगळं पुस्तक धूसर दिसतं. पिवळट नॅचरल शेडच्या कागदावर फिकट निळा टिकत नाही, तो कागद खाऊन टाकतो. सावळी त्वचा ही तर वेगळीच गोष्ट. निळ्याचं प्रमाण जास्त झालं की चेहरा मळकट येतो, म्हणून घाबरून लोक मुलांना गोरं करतात. मराठी मुलांच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं सगळी मुलं गोरी, गालावर गुलाबी. माझ्या ब्रीफमध्ये मी स्पष्ट लिहिते की मुलं आपल्या मुलांसारखी दिसली पाहिजेत, आणि त्वचेच्या रंगांची एक पट्टी आधी त्याच कागदावर छापून घेते. नव्या चित्रकाराला मी एकदा तरी मशीन चालू असताना छापखान्यात घेऊन जाते. स्वतःचं चित्र ओल्या शाईत, पूर्ण तावावर सोळा पानांच्या मध्ये उलटंसुलटं पडलेलं बघितलं की पुढच्या वेळी तो फाइल वेगळी बनवतो.

पुस्तक अनेक भाषांत निघणार असेल तर चित्रातल्या पाट्या, दुकानांची नावं, फळ्यावरची अक्षरं वेगळ्या थरावर ठेवा. चेन्नईचं तुलिका किंवा बंगळूरचं प्रथम बुक्स एकच पुस्तक पुष्कळ भारतीय भाषांत काढतात. तिथे चित्रात चिकटलेलं एक अक्षर पुढे सगळ्यांचा दिवस खातं.

पैसे आणि हक्क याबद्दल मराठीत बोलायला लोक संकोचतात, आणि नुकसान नेहमी चित्रकाराचं होतं. माझी पद्धत: रफ पक्कं झालं की ४० टक्के, पक्की चित्रं ताब्यात आली की उरलेले. 'पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर' हे शब्द करारात असतील तर खोडायला सांगा. पुस्तक निघणं न निघणं तुमच्या हातात नाही. काम मध्येच रद्द झालं तर काय द्यायचं तेही आधीच लिहून घ्या.

हक्कांसाठी कॉपीराइट कायदा, १९५७ मधली चार कलमं वाचून ठेवा. कलम १७ प्रमाणे सर्वसाधारणपणे पहिला हक्क चित्रकाराचा, पण त्याला अपवाद आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. आणि मोबदला देऊन कोणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं तर, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. म्हणजे काहीही लिहिलं नाही तर आपलं चित्र आपलंच राहतं, असं गृहीत धरू नका. कलम १९ सांगतं की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम २२ प्रमाणे हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही चित्र तुमचं आहे हे सांगण्याचा आणि त्याची प्रतिष्ठेला धक्का लावणारी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर पुस्तकं खुल्या परवान्याखाली असतात, कोणीही श्रेय देऊन ती वापरू शकतं. हे चांगलं काम आहे, पण हो म्हणताना आपण कशाला हो म्हणतोय ते माहीत असावं. एका प्रकाशकाने माझ्या एका चित्रकर्तीचं मुखपृष्ठ न विचारता कॅलेंडरवर छापलं होतं. करारात 'फक्त या पुस्तकासाठी, पहिल्या तीन आवृत्त्यांपर्यंत' एवढे शब्द होते म्हणून तिला कॅलेंडरचे पैसे मिळाले. आणि मूळ चित्र कागदावर असेल तर ते परत मिळेल हेही लिहा. छापायला दिलं म्हणजे दिलं असं नाही.

श्रेयपानावर चित्रकाराचं नाव ऑपरेटरच्या ओळीत बारीक अक्षरांत टाकतात. मुलांच्या पुस्तकात ते मुखपृष्ठावर, लेखकाच्या नावाबरोबर आलं पाहिजे. यासाठी मी प्रत्येक प्रकाशकाशी भांडते. प्रत्येक वेळी जिंकत नाही, पण पहिल्या बैठकीत विषय काढला तर बहुतेक वेळा होतं. शेवटी काढला तर कधीच नाही.

आता तुमची तीन चित्रं. पहिलं, पंचगंगेच्या घाटाचं. उजेड सुंदर आहे, दगड ओले वाटतात, पण हे चित्र कोणीच वाचलेलं नाही, म्हणजे त्यात कोणाची गोष्ट नाही. दुसऱ्यातली नाचणारी मुलगी मी याआधी शंभर ठिकाणी बघितली आहे. ती काढून टाका. तिसरं मात्र मी दोन दिवस टेबलावर ठेवलं आहे. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारणारी बाई, एक डोळा मिटलेला, ओठ घट्ट, आणि मागे कट्ट्यावर दोन कपबशा पालथ्या घातलेल्या. घरात बाई एकटी आहे आणि कपबशा दोन काढल्यात. हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला ते दिसलं. तिचा उजवा हात चुकला आहे, पिन धरताना अंगठा एवढा वाकत नाही. स्वतःच्या हाताचा फोटो काढून बघा. मग या बाईची आणखी पाच पानं करा, काळ्या शाईत, रंग नकोत, तळाशी तीन ओळींची जागा सोडून. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मला पाठवा. दुसरा कप कोणासाठी काढलाय, ते मला बघायचं आहे.